शेपटाचं वावर

पाट संपतो तिथं ते लांबोळकं रान दिसतंय ना, पाव्हणं, त्याला शेपटाचं वावर म्हणतात. बंधारा इथून दीड कोसावर. वरची सगळी रानं पिऊन झाली की उरलंसुरलं पाणी इथं यायचं, नाहीतर यायचंच नाही. पण या गावात कारभार मागायचा तर वर्षभर हेच वावर कसावं लागतं. हसू नका. ही रीत एका बाईनं घातली, असं सांगतात.

बनाबाई तिचं नाव. नवरा पटकीनं गेलेला, पदरात एक लेक, आणि पोटाला एवढंच वावर. दोन सालं त्यात नुसती कुसळं उगवली होती. तशात गावचा म्हातारा कारभारी वारला. कारभारी म्हणजे बंधाऱ्याचं दार उघडणारा, पाण्याची पाळी लावणारा, कचेरीत गावाच्या वतीनं बोलणारा. ती जागा ओंकारशेठनं मागितली.

शेठच्या सात तेलघाण्या, चाळीस गाड्या, आणि पाटाच्या तोंडाशीच उसाचं मोठं रान. कधी कुणाचा उंबरा न चढलेला माणूस, तो घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या पाया पडायला लागला. "बंधारा पदरच्या पैशानं दुरुस्त करतो, मला फक्त सेवा करू द्या," म्हणायचा. गाव हबकलंच!

"एवढं सगळं असताना ह्याला चिखल तुडवायची हौस का आली?"

"पाणी मुरतंय कुठंतरी."

"कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची?"

हे सगळं पाठीमागं हां. तोंडावर कोण बोलणार? निम्मं गाव शेठच्या घाण्यांवर राबत होतं.

त्या काळी मारुतीच्या पारावर थाळी ठेवत. घरटी एक सुपारी पडली की कारभारी ठरला. एक जरी घर अडलं, तर नाही. पाटाच्या क्रमानं नावं पुकारली. मघाशी कुजबुजणारे मुकाट्यानं सुपारी टाकून बाजूला झाले. सगळ्यांत शेवटी बनाबाई. तिनं सुपारी मुठीतच धरून ठेवली म्हणे. नाही म्हणावं, तर बंधारा फुटकाच राहणार आणि शेठचं वैर अंगावर येणार. हो म्हणावं, तर दाराची किल्ली उसाच्या मालकाच्या हातात जाणार. दोन्हीकडून वावर तिचंच मरणार होतं.

"शेठ," ती म्हणाली, "तुमचा ऊस प्याल्यावर माझ्यापर्यंत काय येणार?"

"माझ्या पोरांची शप्पथ, बनामाय—"

"पोरांना मधी आणू नका. यंदा ऊस लावू नका. तुमचं रान पडीक ठेवा आन् माझं वावर कसा. त्यात पिकंल तेच पुढचं वर्षभर तुमच्या चुलीवर चढंल. कबूल असंल, तर ही माझी सुपारी."

गर्दीतून कुणीतरी हसलं, "अस्सं! म्हणजे बाईला शेठचं रान पाहिजे!"

बनाबाईच्या काळजाला ते लागलं. "मला कुणाचं ढेकूळ नको," ती कडाडली, "मी निंदायला जाईन लोकांकडं." आणि सांगतात, त्या साली ती खरंच मायलेकींचं पोट मजुरीवर भरत होती.  शेठ कबूल म्हणाला, तशी तिची सुपारी थाळीत पडली. अख्ख्या गावासमोर माघार घ्यायची त्याला लाज वाटली असेल, असंही म्हणतात.

बंधारा दुरुस्त झाला. शेपटाच्या वावरात ज्वारी पेरली. बनाबाई रोज निंदणीहून येताना वाट वाकडी करून पाट बघायची. कोरडा. आठ दिवस, पंधरा दिवस, कोरडाच. ज्वारी पिवळी पडली. आपणच आपलं वावर वैऱ्याच्या हातात दिलं, असं तिला वाटायला लागलं.

शेठचीही झोप उडाली होती. दार तर उघडं, मग पाणी जातंय कुठं? एका सकाळी खांद्यावर फावडं टाकून तो बंधाऱ्यापासून पाटानं चालत निघाला. बांधाबांधाला चोरून पाडलेली भगदाडं, पालापाचोळ्यानं झाकलेली! पारावर ज्यांची कुजबुज सगळ्यांत मोठी, त्यांच्याच बांधाला सगळ्यांत मोठी भगदाडं. गुडघाभर चिखलात उतरून शेठनं ती एकेक करून बुजवली. लोक बांधावर उभे राहून बघत होते.

दिवस कलताना पाणी शेपटाला पोचलं. बनाबाई पाटात उभी होती. पाणी पायाला लागलं तशी ती हमसून रडली. मग पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, "शेठ, आता तरी खरं सांगा. कारभार कशाला पाहिजे होता?"

चिखलानं माखलेला शेठ बांधावर बसला. "उसासाठीच, बनामाय," तो म्हणाला. "लोक बोलत होते ते खोटं नव्हतं."

"आन् आज?"

"आज माझ्या पोरांची भाकरी ह्या वावरात उभी आहे."

आजही इथं उमेदवाराला कुणी विचारत नाही, की बाबा तू कशासाठी उभा राहतोस. गाव त्याला या बांधावर आणतं आणि हातात नांगर देतं. यंदा तिघांचे फलक लागलेत. त्यातला एक तर मोठा कारखानदार आहे, त्यानं गावजेवणही घातलं. पेरणी चार दिवसांवर आली. नांगराला अजून कुणी हात लावलेला नाही.