रुकयाबीची खबर

फार वर्षांपूर्वी, खारकोंडला अजून सडक आली नव्हती आणि आज जिथे एसटी थांबते तिथे मिठाचे ढीग असायचे, तेव्हाची ही गोष्ट. मिठागराच्या एका अंगाला मुसलमानांचा मोहल्ला, दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती लोकांची क्रुसआळी, आणि दोघांच्या मधून एक बांध. बांध इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाला चिखलात उतरावंच लागे. कुणी उतरायचं यावरून किती भांडणं झाली ते सांगत बसलं, तर मूळ गोष्ट राहूनच जाईल.

मोहल्ल्यात रुकयाबी नावाची सुईण होती. बांधाच्या दोन्हीकडची पोरं तिच्याच हातावर जन्मायची. तिचे हात ऐन थंडीतही ऊबदार असत, असं म्हणतात. पोटात आडवं झालेलं मूल, तिने वरून हात ठेवून "चल रे बाबा, लोक खोळंबलेत" म्हटलं की निमूट वळायचं, असंही म्हणतात. ज्यांना पटत नसेल त्यांनी खारकोंडच्या म्हाताऱ्यांना विचारावं. त्यांतले निम्मे स्वतःच आडवे आले होते, आणि अजून तसेच आहेत.

कळा देणाऱ्या बाईच्या तोंडात रुकयाबी एक खजूर ठेवायची. ईसाच्या, म्हणजे येशूच्या आईने, मरियमनेही कळा सोसताना खजूरच खाल्ला होता, असं ती सांगे. मग मूल झालं, नाळ कापली, की ती उंबऱ्यावर येऊन उभी राही आणि मोठ्याने एवढंच म्हणे, "पोर आलं, आय सुखरूप." ओट्यावर ताटकळलेल्या माणसांचा जीव तेव्हा भांड्यात पडे. पण कधी कधी ती उंबऱ्यावर यायची आणि काहीच बोलायची नाही. तेव्हा क्रुसआळीत पुरुष डोक्यावरची टोपी काढत, मोहल्ल्यात मान खाली घालत, आणि कुणी काही विचारत नसे. तिचं गप्प राहणं म्हणजे काय, हे दोन्ही वस्त्यांना ठाऊक होतं.

रुकयाबीला ते सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. ती विशीत असताना तिचा नवरा गलबतावर गेला तो परतला नाही. मागे पोटात सातवा महिना होता. तिची आईच तेव्हा गावची सुईण. मूल झालं, आई उंबऱ्यावर गेली आणि गप्प उभी राहिली. रुकयाने ती शांतता आत खाटेवर पडून ऐकली. पुढे तिने शेकडो घरांच्या उंबऱ्यांवर ते शब्द म्हटले, पण तिच्या स्वतःच्या उंबऱ्यावर ते कुणी कधी म्हटले नाहीत. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे. फक्त दुसऱ्याचं मूल धुऊन पुसून आईजवळ द्यायची वेळ आली, की ती ते जरा जास्तच वेळ हातात धरी.

क्रुसआळीत कोंसू म्हणून तिची मैत्रीण होती. कोंसूच्या उंबऱ्यावर रुकयाबी तीन वेळा गप्प उभी राहिली होती. चौथ्या खेपेला नाताळच्या सकाळी कोंसूला मुलगी झाली. लोक नुकतेच चर्चमधून येऊन वेशीवरच्या क्रुसाशी जमले होते, घुमटवाले कातडं मढवलेले मातीचे घुमट शेकत होते. रुकयाबी धावतच बाहेर आली आणि रडत हसत ओरडली, "पोर आलं, आय सुखरूप." त्या दिवशी तिने कुठल्या पोराची खबर दिली, कोंसूच्या की मरियमच्या, ते लोकांना कळेना. मग एका म्हाताऱ्याने ठरवलं, दोघांचीही. आणि घुमट वाजू लागले.

तेव्हापासून दर नाताळला सकाळी रुकयाबी ओंजळभर खजूर घेऊन बांधावरून येई, क्रुसापासून चार पावलांवर उभी राही आणि तेच शब्द म्हणे. तिने म्हटल्यावाचून घुमटावर थाप पडत नसे. कोंसू तिच्यासाठी मैद्याचे गोड फुगे तळायची ते वेगळ्या कढईत, नव्या तेलात. ती कढई वर्षभर आढ्याला टांगलेली असे, तिला दुसरं कुणी हात लावायचं नाही. मुलीचं नाव त्यांनी नातालीन ठेवलं.

अशी वीस वर्षं गेली. मोहल्ल्याच्या मशिदीत इद्रीस नावाचे नवे मौलवी आले. वय तरुण, शिक्षण पुष्कळ, आणि माणूस मनाने वाईट नव्हता. नाताळच्या आधी कुणीतरी त्यांना विचारलं, ख्रिस्ती शेजाऱ्यांना सणाच्या शुभेच्छा देणं चालतं का? मौलवी दोन दिवस किताबं चाळत बसले. मग म्हणाले, "काही उलेमा हो म्हणतात, काही नको म्हणतात. तेव्हा न दिलेलं बरं."

रुकयाबी पाच वेळच्या नमाजाची बाई. तिने पडद्याआडून विचारलं, "मी नुसतं पोर आलं म्हणून सांगतंय. तेही नको?"

"यंदा नको, रुकयाबी. अल्लाहसाठी एवढं करा."

अल्लाहसाठी म्हटल्यावर विषय संपला. ती घरी आली. आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. वर्षातून एकच पोर, मरियमचं, असं होतं, की त्याची खबर देताना तिला आधी छातीत धस्स होत नसे. ते सुखरूप येणार हे ठरलेलंच होतं. त्या एका सकाळीसाठी ती बाकीचं वर्ष काढायची, असं म्हणतात.

शेवटी तिने मनाशी तोडगा काढला. जायचं, खजूर ठेवायचे, हसायचं आणि काही न बोलता परत यायचं. मौलवींचंही राहील आणि कोंसूचंही. भल्या माणसांचे तोडगे असेच असतात, करेपर्यंत फार चांगले वाटतात.

नाताळच्या सकाळी ती क्रुसाशी आली. लोक वाटच बघत होते. कोंसू कढई उतरवून आली होती. नातालीन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला नववा लागला होता, ती ओट्यावर बसून हसत होती. रुकयाबीने खजूर ठेवले. सगळ्यांकडे बघून ती हसली. मग वळली आणि चालू लागली.

बांधाच्या मध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की मागे घुमट वाजत नाहीत. तिने वळून पाहिलं. क्रुसाशी उभ्या पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या.

तेव्हा तिला कळलं, आपण काय करून बसलो ते. जी शांतता तिने स्वतः एकदा आतून ऐकली होती, तीच ती आज पोटुशीच्या दारात ठेवून आली होती.

ती परत पळाली. पण तोवर नातालीनला कळा सुरू झाल्या होत्या. दुपार झाली तरी मूल पुढे सरकेना. रुकयाबीने खजूर पुढे केला, नातालीनने तोंड फिरवलं.

"मावशी, तू गप ऱ्हायलीस," नातालीन म्हणाली. "तुला आधीच समजलं ना? माझं पोर नाय."

"मला काय पण समजलं नाय गो. मी चुकले."

"तू कवा चुकलीस?"

कोंसू पायाशी बसली होती. ती रागावली नाही, हेच रुकयाबीला जास्त लागलं. कोंसू हळूच म्हणाली, "रुकया, तिला तुझंच ऐकायचंय. आमचं कुणाचं चालायचं नाय."

रुकयाबीने नातालीनचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी आपल्या कुराणातली मरियमची गोष्ट सांगू लागली. मरियम गावापासून लांब, एकटी. ना आई, ना सुईण. खजुरीच्या बुंध्याला टेकून ती म्हणाली, याच्याआधी मी मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा खालून आवाज आला, दुःख करू नकोस, बुंधा हलव. "आणि तिने हलवला गो," रुकयाबी म्हणाली. "कळा देताना बाईने झाड हलवलं. तुला तर नुसता माझा हात धरायचाय."

मग ती उठली. मूल यायच्या आधी तिने ते शब्द आयुष्यात कधी म्हटले नव्हते. सुईणीला ते खोटं बोलणं झालं असतं. आणि मौलवींचा शब्दही होता. ती उंबऱ्यावर उभी राहिली. तिचे हात त्या दिवशी पहिल्यांदा गार पडले होते, असं म्हणतात. तिने डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने हाक दिली, "मरियमचं पोर आलं, आय सुखरूप."

ती हाक मिठागरावरून पार मोहल्ल्यापर्यंत गेली, असं म्हणतात. क्रुसाजवळ एक शिंदी होती, खजुरीच्याच जातीचं झाड, ती कधी फळली नव्हती. तिच्यावरून त्या घडीला पिकली फळं गळाली. घुमटावर थाप पडली. आत नातालीनने तो घुमट ऐकला आणि रुकयाबीचा हात मागितला. मशिदीत असरची, तिसऱ्या प्रहराची बांग व्हायच्या आत रुकयाबी पुन्हा उंबऱ्यावर आली आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा तेच म्हणाली. या वेळी कुणाचं पोर, ते विचारावं लागलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधीच ती स्वतः मौलवींकडे गेली. "मी बोललंय," ती म्हणाली. "काय सजा असेल ती सांगा."

"शब्द काय बोललात?"

तिने सांगितले. मौलवींनी जवळची किताब उघडली, एक पान काढून वाचलं. मग म्हणाले, "मरियमला मूल झालं आणि ती सुखरूप राहिली, हे तर आपल्याच किताबात आहे. मी नको म्हणणाऱ्यांचं ऐकलं, कारण ते कडक होते. वाटलं, कडक तेच खरं." पुढच्या नाताळला बांध ओला होता. रुकयाबी बांधावर आली तेव्हा समोरून इद्रीस मौलवी येत होते. ते पायजमा सावरून चिखलात उतरले आणि तिला वाट दिली.

रुकयाबी पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा कोंसूला नीट दिसतही नव्हतं. नातालीनच्या खांद्याला धरून ती बांध ओलांडून मोहल्ल्यात आली आणि रुकयाच्या दाराशी उभी राहिली. जनाजा निघत होता. मौलवींची दाढी आता पांढरी झाली होती. त्यांनी कोंसूला पाहिलं आणि खांदेकऱ्यांना हाताने थांबवलं. कोंसू चाचपडत उंबऱ्यावर चढली. त्या उंबऱ्यावर, जिथे साठ वर्षांत कुणी ते शब्द म्हटले नव्हते, तिथून ती वर, रुकयाचं पोर गेलं होतं तिकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आय आली, पोर सुखरूप."

आज मिठागर नाही, बांधाची सडक झाली, आणि पोरं तालुक्याच्या दवाखान्यात जन्मतात. पण नाताळच्या सकाळी खारकोंडचे घुमटवाले क्रुसाशी येतात आणि घुमट मांडीवर घेऊन मोहल्ल्याच्या दिशेने बघत बसतात. कधी कधी खूप वेळ बसावं लागतं. मग मोहल्ल्यातली एखादी वयस्कर बाई ओंजळीत खजूर घेऊन येते आणि म्हणते, "पोर आलं, आय सुखरूप."

तरीही घुमट वाजत नाही. क्रुसआळीतली सगळ्यांत म्हातारी बाई आधी उठते, कब्रस्तानाकडे तोंड करते आणि कोंसूचे शब्द म्हणते. ते तिकडे पोचायला लागेल एवढा वेळ सगळे गप्प राहतात. मग पहिली थाप पडते.