पाच पायांचा बैल

एका गावात एक पंत राहत होते, आणि त्यांच्या घरात धूळ राहत नव्हती. राहील कशी? शिंक आली तरी पंत आधी उपरणं शोधायचे आणि मग शिंकायचे. अंगणातल्या तुळशीची पानंसुद्धा रोज सकाळी पुसली जायची. दुधाच्या आशेने येणारं मांजर दारातल्या पायपुसण्यावर पाय घासूनच आत शिरायचं. हसू नका, खरं तेच सांगतेय.

पंतांना दोन मुलं. थोरला दामू आणि धाकटी अबोली. दामूच्या तोंडाची टकळी सकाळी सुरू झाली की झोप लागल्यावरच थांबायची. अबोलीचं सगळं उलटं. आईबापांनी हौसेने फुलाचं नाव ठेवलं, तर पोरीने ते मनावरच घेतलं! मान हलवायची, बोट दाखवायची, फार झालं तर 'हूं' म्हणायची. कुणी विचारलं, "काय गं अबोली, जेवलीस का?" की दामू पुढे होऊन सांगायचा, "जेवली ती. भाकरी खाल्ली. वांगं टाकलं."

आईचा जीव तुटायचा. गावातल्या बाया काय, सल्ला द्यायला कधीही तयार! कुणी म्हणालं वेखंड चाटव, कुणी म्हणालं मारुतीला नारळ बोल. आईने सगळं केलं. वेखंडाने पोरीचं तोंड कडू झालं, उघडलं मात्र नाही.

मग एका बुधवारी गंमत झाली. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस. पंत तालुक्याला जायचे आणि हटकून नवी केरसुणी घेऊन यायचे. ते गेल्यावर आई मागच्या पडवीत चूल लिंपायला बसली. अबोली शेजारी येऊन बसली, ओल्या मातीत हात घातला आणि एक गोळा वळला. त्या गोळ्याला ना डोकं, ना शेपूट.

"ही म्हैस," अबोली म्हणाली. "हिचं पोट दुखतंय."

आईचा हात चुलीवरच थांबला. तिने आरडाओरडा केला नाही, 'अगं बाई, बोललीस!' असंही म्हणाली नाही. शहाणी होती. हळूच तिने विचारलं, "का गं दुखतंय?"

"हिने आप्पांची टोपी खाल्ली." आप्पा म्हणजे आपले पंतच.

"अगं बया! मग आता?"

आणि अबोलीने त्या म्हशीची पार बाळंतपणापर्यंतची हकिकत सांगितली. चूल राहिली अर्धवट. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या आणि आईने त्या आनंदाने खाल्ल्या.

झालं! तेव्हापासून दर बुधवारी मागच्या पडवीत यांचा उद्योग चालू. माती, गेरू, हळद, कोळसा, कपड्यांची नीळ, घरात जे असेल ते. दामू भिंतीवर घोडे काढायचा आणि त्यांच्या लढाया लावायचा. अबोली मातीचं काहीबाही करायची. आईसुद्धा जोडीला बसायची आणि तिला जमेल तसं करायची. तिची कोंबडी नेहमी कासवासारखी व्हायची. कुणी कुणाचं सुधारायचं नाही. एकमेकांना फक्त विचारायचं, "हे काय? हे असं का?" आणि सांगणाऱ्याचं सांगून होईपर्यंत ऐकायचं. दिवेलागणीच्या आत सगळं धुऊन पुसून लख्ख. पंत आले की घर जसंच्या तसं.

हळूहळू अबोली गुरुवारीही बोलायला लागली. एकदा तर शेजारच्या काकूंना आपणहून म्हणाली, "तुमच्या साडीला भोक पडलंय." काकूंना राग आला, आईला मात्र केवढा आनंद झाला!

आता पोळा जवळ आला. या गावाची पोळ्याची रीत जरा वेगळी होती. घरातल्या धाकट्या पोराने स्वतःच्या हाताने मातीचा बैल करायचा आणि पोळ्याला मारुतीच्या पारावर न्यायचा. तिथे पाटील बसायचे. ते विचारायचे, बैलाचं नाव काय, खातो काय, रुसतो कशावर? पोराने बैलाच्या वतीने सांगायचं. याला म्हणायचे बैल बोलता करणं. आणि ज्या घरचा बैल मुका निघेल, त्या घराने त्याच दिवशी सगळ्या गावाला पुरणपोळी घालायची. अबोली आता त्या वयाची झाली, म्हणून यंदा पहिल्यांदाच बैल न्यायची पाळी तिची होती.

पोळ्याआधी काही दिवसांची गोष्ट. त्या बुधवारी केरसुणीवाला बाजारात आलाच नाही, आणि पंत दुपारीच घरी परतले. मागच्या पडवीत आले आणि जागीच खिळले.

"अगं अगं अगं! हे काय चाललंय काय!"

दामूचं नाक पिवळं, अबोली कोपरापर्यंत चिखलात, आणि पांढरं मांजर चक्क निळं. त्याच्या पावलांचे ठसे थेट पंतांच्या पाटापर्यंत गेलेले!

"अहो, पोळा आलाय ना," आई म्हणाली. "अबोली बैल करतेय."

पंतांना पोळ्याची रीत आठवली. बैल मुका निघाला तर सगळा गाव जेवायला आपल्या घरी! पावसाळ्याचे दिवस, आणि गावाच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल! त्यांनी घाईघाईने अबोलीचा बैल उचलून पाहिला. त्याला पाच पाय होते.

"पाच पाय? बैलाला चार असतात, चार! हा पाचवा कशाला?"

अबोलीचा चेहरा खुलला. "तो ना आप्पा—"

पण पंतांना धीर कुठला! त्यांनी पाचवा पाय केव्हाच उपटला होता. बैल कलंडला आणि अबोलीचं तोंड मिटलं.

"रडू नकोस. मी आहे ना! करायचं तर नीट करायचं," पंत म्हणाले आणि धोतर खोचून बसले.

तिथून पुढे पंतांनी सगळी कामं सोडली. रोज बैलच! खाली केळीची पानं अंथरलेली, मापाला सुतळी, शिंगं घासायला कापड. आणि खरं सांगू का, पंतांना मजा यायला लागली. त्यांनी मुलांना कामंही वाटून दिली. दामूने पाण्याचा तांब्या धरायचा, अबोलीने फडकं धरायचं. मातीला हात कुणी लावायचा नाही.

"अहो, पोरीला करू द्या की," आई म्हणाली.

"अगं, तिच्याच भल्यासाठी करतोय. उद्या गणपती करायला गेली आणि मारुती झाला, तर गावात शोभा!"

अबोली फडकं धरून उभी राहायची. तिचं बोलणं गेलं. मग 'हूं'सुद्धा गेलं. शेवटी आईच्याने राहवेना. ती म्हणाली, "बैल घडतोय तुमचा, पण पोर मोडतेय माझी."

"पोळा होऊ दे, मग बघू," पंत म्हणाले आणि शेपटीचं माप घ्यायला लागले.

पोळ्याचा दिवस उजाडला. पारासमोर पोरांची रांग, मागे सगळा गाव. पहिला बैल आला तो बैल कसला, बटाटाच! पण त्याचा मालक छाती काढून म्हणाला, "याचं नाव वादळ्या. याला मान नाही, कारण हा कुणापुढे मान घालत नाही." गावाने टाळ्या पिटल्या.

मग अबोली पुढे आली. तिच्या हातातला बैल बघायला गाव टाचा उंचावून उभा राहिला. आत्ता हंबरेल की काय, असा बैल!

"वा वा, अबोलीबाई," पाटील म्हणाले. "नाव काय बैलाचं?"

अबोली पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. दामूने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तरी त्या हाताखालून काहीतरी बुडबुडतच होतं.

"सर्जा! सांग, सर्जा!" मागून पंत कुजबुजले. कुजबुज कसली, ती वेशीपर्यंत गेली.

"बरं, खातो काय?"

"कडबा! सांग की, कडबा!"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "अबोलीबाई, हा बैल कुणाचा?"

अबोलीने मागे वळून पंतांकडे पाहिलं. मग बारीक आवाजात उत्तर आलं, "आप्पांचा."

असा हशा पिकला म्हणून सांगू! "मग आप्पांनीच यावं पुढे," पाटील म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

पंत रांगेत येऊन उभे राहिले. पुढे बटाट्याचा मालक, मागे एक शेंबडं पोर, आणि मध्ये पगडी घातलेले पंत.

"हं, पंत. रुसतो कशावर तुमचा बैल?"

पंतांनी बैल पारावर ठेवला. "याची... याची दोन्ही शिंगं एका मापाची आहेत."

"ते दिसतंय. रुसतो कशावर?"

"शेपूट अगदी मधोमध आहे, पाटील."

"मुका बैल!" कुणीतरी ओरडलं. "चला पंतांकडे पुरणपोळीला!" पंतांनी गावाच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांना भोवळच आली. सगळे हसत होते. पंत मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचा अंगठा माती उकरत होता.

ते अबोलीने पाहिलं. विचारलं की काहीच सुचत नाही आणि सगळे आपल्याकडे बघत राहतात, तेव्हा कसं वाटतं हे सबंध गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला आप्पांची फार दया आली.

ती खाली बसली, दोन्ही हातांनी चिखल उचलला, वळला, आणि त्या देखण्या बैलाच्या पोटाखाली थाप्पकन चिकटवला.

"अगं अगं अगं!" पंतांचा हात सवयीने पुढे झाला. पाय उपटायला बोटं टेकलीसुद्धा. पण त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडलं होतं, अगदी त्या दिवशी पडवीत उघडलं होतं तसंच. पंतांनी आपला एक हात दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला.

"पाचवा पाय कशाला गं?" त्यांनी विचारलं.

आणि ते थांबले. गाव थांबला. दामूसुद्धा थांबला!

"बाकीचे चार पुसायला," अबोली म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग पाटील असे हसले की त्यांचं पागोटं पारावरून खाली गेलं.

"याचं नाव सर्जा नाही, याचं नाव पंत," अबोली आता थांबेना. "हा गोठ्यात शिरायच्या आधी पाय पुसतो. पुसून पुसून सकाळ होते. मग याला झोप मिळत नाही, म्हणून हा रुसतो."

"आणि खातो काय गं?"

"केरसुणी! बुधवारची ताजी!"

गाव पोट धरून हसला. सगळ्यांत जास्त कोण हसलं, सांगा? पंत! हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अबोलीला उचलून घेतलं, आणि तिच्या चिखलाच्या हातांचे दोन पंजे पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर उमटले. ते उपरणं पंतांनी त्या दिवशी झटकलंसुद्धा नाही. आई पदर तोंडाला लावून रडत होती.

"बैल बोलला!" पाटील म्हणाले. "पंत, वाचली तुमची पुरणपोळी."

"वाचली कशाला? पोर बोलली माझी! चला, सगळे घरी चला!"

गाव निघाला. दारात सगळे अडखळले, पायपुसणं शोधायला लागले. पंतांनी ते गुंडाळून खुंटीला टांगलं होतं. "या, या, तसेच या," ते म्हणत होते. सगळ्यांच्या आधी मांजर आत शिरलं, पाय न पुसता.

संध्याकाळी, पंगती उठल्यावर, पंत अबोलीजवळ बसले.

"अबोले, तुझ्या त्या पहिल्या बैलाचा पाचवा पाय कशाला होता गं?"

अबोलीने खूप आठवून पाहिलं. "आता नाही आठवत, आप्पा. तुम्ही तेव्हा थांबला असतात ना, तर सांगितलं असतं."

पंतांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

पुढच्या बुधवारी पंत बाजाराला गेले नाहीत. मागच्या पडवीत चिखलात मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतःचं एक मांजर केलं. नवशिक्याचं काम ते, एक पाय तुटून पडला. पंत तो चिकटवायला सुतळी शोधणार, एवढ्यात अबोलीने विचारलं, "आप्पा, याला तीनच पाय कसे?"

ती उत्तराची वाट बघत बसली. पंतांनी डोकं खाजवलं, चांगलं चिखलाच्या हाताने.

"चौथा होय? चौथा धुवायला गेलाय," पंत म्हणाले, आणि अबोली खुदकन हसली.

तात्पर्य: मुलांबरोबर चिखलात बसावं, आणि त्यांच्या बैलाला पाच पाय दिसले तर उपटू नयेत, कशाला ते विचारावं, आणि विचारून झाल्यावर आपलं तोंड मिटून थांबावं.