वाघ की पान?

एका डोंगराच्या पायथ्याशी जंगल होतं, तिथे एक साळू आपल्या एकुलत्या पिल्लाला घेऊन राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं जनावर. पाहिली नसेल तर काही बिघडत नाही. त्या जंगलाची एक रीत होती. उन्हाळ्यात वणवा लागला की मोठी जनावरं नदीकडे पळत. ज्यांच्या पायांत तेवढं बळ नाही, ती पिल्लं एका म्हाताऱ्या खवल्या मांजरीच्या, म्हणजे अंगभर खवले असलेल्या मुंगीखाऊ जनावराच्या, खोल बिळात शिरत आणि म्हातारी आतून मातीने तोंड बुजवून घेई. मागच्या वणव्यात साळूच्या पिल्लाने भिऊन तिथेच काटे उभारले. सशाच्या पोराचा कान फाटला. यंदा सगळ्या आया एकमुखाने म्हणाल्या, "याला बिळात घ्यायचं नाही." म्हणजे त्याने आगीत राहायचं, दुसरं काय?

साळू रोज पिल्लावर ओरडे, "पाड काटे! पाड म्हणते ना!" ओरडल्यावर ते आणखीच उभे राहत. राहणारच. मग तिने कोल्ह्याला बोलावलं. कोल्ह्याकडे उपदेश भरपूर. त्याला कष्ट पडत नाहीत. तो म्हणाला, "बाळा, भिऊ नये. शांत व्हावं." पिल्लाने विचारलं, "कसं?" कोल्ह्याला नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवलं.

हे म्हातारीच्या कानी गेलं. ती म्हणाली, "सगळी पोरं माझ्याकडे धाडा. याला एकट्याला शिकवून काय उपयोग? बिळात हा एकटा थोडाच बसणार आहे!" मग पिल्लाला जवळ घेऊन तिने आपलीच गोष्ट सांगितली. "तुझ्याएवढी होते तेव्हा पान पडलं तरी मी चेंडू होऊन बसायची. एकदा डोक्यावर जांभूळ पडलं, तर दिवसभर उलगडले नाही. आई मुंग्या घेऊन आली नि कंटाळून परत गेली." पिल्लू पहिल्यांदाच हसलं. "मग?" "मग खेळले. चल."

खेळ असा : म्हातारी 'वाघ' म्हणाली की काटे, कान, शेपटी, ज्याचं जे असेल ते त्याने उभारायचं. 'पान' म्हणाली की खाली. सगळ्यांत शेवटी खाली आणेल तो बाद. साळूचं पिल्लू आठ दिवस रोज बाद झालं. फाटक्या कानाचा ससुला हिणवे, "ए बाभळीच्या फांदी, पान आहे रे, पान!" म्हातारीने त्याला दटावलं नाही, कामाला लावलं. "नुसता चिडवतोस काय? त्याला क्रम सांग. आधी शेपूट, मग पाठ, मग मान." ससुला सांगू लागला, पिल्लू एकेक भाग खाली आणू लागलं. नवव्या दिवशी ते बाद झालं नाही. मुंगसाचं पोर झालं आणि रडत घरी गेलं.

दहाव्या दिवशी भर दुपारी वणवा आला. बिळाच्या तोंडाशी सशाची आई आडवी उभी राहिली. "हा काटेरी नको!" ससुला म्हणाला, "मग मीही नाही जात. त्याला क्रम कोण सांगणार?" वाद घालायला वेळ नव्हता, दोघं आत गेली. थोड्या वेळाने बिळाच्या माथ्यावरच जळतं झाड कोसळलं. अंधारात काटे सळसळून उठले. सरकायला वीतभर जागा नव्हती. ससुला कापऱ्या आवाजात म्हणाला, "पान आहे रे. आधी शेपूट." ते पान नव्हतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. "शेपूट," पिल्लू पुटपुटलं. "पाठ... मान..."

माती उकरून पोरं बाहेर आली तेव्हा आयांनी सगळ्यांचे कान तपासले. फाटका एकच होता, मागच्या वर्षीचा. नदीवरून परतलेला कोल्हा म्हणाला, "मी सांगितलंच होतं त्याला, शांत हो म्हणून."

"सांगितलंस खरं," म्हातारी म्हणाली. "त्याने 'कसं' विचारलं, तेव्हा कुठे होतास?"

तात्पर्य : 'भिऊ नकोस' म्हणायला कोणीही येतं, भीती खाली कशी ठेवायची ते मात्र पोराला खेळवून शिकवावं लागतं, आणि त्या खेळात बाकीच्या पोरांनाही उतरवावं लागतं.