पांढऱ्या रेघेचा किडा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांना नावे नव्हती, माणसे नुसते वरची नदी आणि खालची नदी म्हणत. वरच्या नदीच्या एका खोल डोहाकाठी एक गाव होते. तिथली माणसे जाळे टाकत नसत. गळावर लोकर, केस आणि दोरा गुंडाळून ती खोटा किडा बांधत आणि त्याने मासे पकडत.

ही विद्या गावाला एका म्हाताऱ्या गुरूने शिकवली होती. मरताना त्याने थोरल्या शिष्याच्या हातात झाकणाला भोके असलेली एक लाकडी डबी दिली. "यात नमुना आहे," तो म्हणाला. "माझे गळ संपले की याच्यासारखे बांध."

गुरूचे गळ वर्षभर पुरले. मग थोरल्याने डबी उघडली. आत एक फिकट, पोकळ किडा होता आणि त्याच्या पाठीवर उभी चीर होती. थोरल्याने नमस्कार केला आणि हुबेहूब तसाच किडा बांधला. चिरेच्या जागी त्याने पांढरा दोराही ओढला.

मासे त्याच्याकडे ढुंकूनही पाहीनात.

हे पाहून शेजारच्या खोऱ्यातले जाळीवाले राणीकडे गेले. "यांना मासे मिळत नाहीत. डोह आम्हाला द्या." त्यांची जाळी इतकी बारीक होती की त्यांतून माशांची पिल्लेही सुटत नसत. राणीने गावाला सांगितले, "आठव्या दिवशी सूर्य डोक्यावर येईपर्यंत गळाला एक मासा लागला, तर डोह तुमचा. नाहीतर त्यांचा."

डोह गेला तर गाव उठणार होते. थोरला सात दिवस किडे बांधत राहिला. पांढरी रेघ रोज अधिक सरळ होत गेली, आणि टोपली रोज रिकामीच राहिली.

आठव्या सकाळी गावची पाथरवटीण दगड निवडायला नदीवर आली. ती थोरल्याजवळ थबकली.

"दादा, याच्या पाठीवर रेघ कशाची?"

"गुरूंची खूण आहे ती," म्हणत थोरल्याने डबीतला नमुना पुढे केला.

"खूण कसली, फट आहे. ही कात आहे, दादा. आतल्या किड्याला पंख फुटले आणि तो उडून गेला. अशा काती काठच्या दगडांना चिकटलेल्या मी नेहमी बघते."

धाकटा शिष्य हसला. "बाई, तुम्ही पाटे-वरवंटे घडवा. दगडात कुठे जीव असतो?"

"दगडात नसतो," ती म्हणाली. "दगडाखाली असतो."

ती गुडघाभर पाण्यात उतरली. एक दगड उलटा करून तिने त्याखालचा किडा थोरल्याच्या तळहातावर ठेवला. चपटा, काळसर पाठीचा, मधासारख्या पोटाचा, दोन शेपट्यांचा. तो तुरुतुरु मनगटापर्यंत पळाला.

थोरल्याने डबीतली कात त्याच्याशेजारी धरली. "गुरूंनी जिवंत किडा दिला होता," तो हळूच म्हणाला. "मीच वर्षभर डबी उघडली नाही. आणि सात दिवस रिकामा अंगरखा शिवत बसलो."

मग त्याने पांढरा दोरा तोडून टाकला.

पाथरवटीण वाडग्यातल्या पाण्यात किडा धरून बसली. थोरला बांधू लागला.

"पोट अजून गडद हवं. पाय बसके."

"बाई, जरा दमानं. बोटं माझी आहेत."

"डोळे माझे आहेत, दादा."

थोरल्याने शेवटी पोटाखाली शिशाची तार गुंडाळली. तोवर राणी काठावर येऊन बसली होती. जाळीवाल्यांनी जाळी खांद्यावरून उतरवलीसुद्धा होती.

"एवढा जड?" त्यांच्यातला एक म्हणाला. "बुडेल तो."

"बुडायलाच हवा," पाथरवटीण म्हणाली. "हा तळाशी राहतो."

गळ पाण्यात गेला. तळाच्या गोट्यांवरून घरंगळत तो डोहाकडे निघाला. सावल्या पायाशी आल्या होत्या.

दोरी ताणली. काठी कमानीसारखी वाकली. थोरला पाण्यात ओढला गेला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, पण त्याने काठी सोडली नाही. पाथरवटीण त्याचे उपरणे धरून मागे रेलली. तिच्यामागे धाकटा, आणि त्याच्यामागे सगळे गाव. अखेर हाताएवढा लांब, सोनेरी खवल्यांचा मासा काठावर येऊन पडला.

राणी उठून उभी राहिली. "डोह यांचा," ती म्हणाली.

जाळीवाल्यांनी जाळी गुंडाळली. गावाने पाथरवटिणीला खांद्यावर घेतले. थोरला ओल्या कपड्यांनी सर्वांपुढे ढोल वाजवत होता. त्या वर्षापासून गावात कुणालाही हाती दोरा मिळण्याआधी महिनाभर तिच्याबरोबर दगड उलटावे लागत.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: नुसत्या जपून ठेवलेल्या विद्येची कात उरते; विद्या जिवंत हवी असेल, तर रोज वाकून शोधावी लागते.