जुना डाग

काळखडी गावच्या ओढ्याकाठी, महादेवाच्या देवळात भानगिरी महाराजांचा मुक्काम असे, त्या काळची ही गोष्ट. घोंगड्यांसाठी लोकर कातून पोट भरणारी विधवा सारजा रोज पहाटे देऊळ झाडून जायची. तिचा सोळा वर्षांचा म्हादू म्हणजे गावाच्या डोक्याला ताप. कुणी नुसती मान वळवली तरी त्याला वाटे, हा आपल्यालाच हसला. मग हाताला लागेल ते घेऊन तो अंगावर धावे.

"देऊळ झाडतेस रोज, सारजे, पोराचं डोकं कधी झाडणार?" हैबतराव पाटील चारचौघांत म्हणत. सारजा खाली मान घालून निघून जाई. बोलणार काय, आणि कुणाच्या जिवावर?

एके दिवशी म्हादूने पाटलांच्या गड्याचे डोके दगडाने फोडले. गडी वाचला, पण पाटील पेटले. "याच्या अंगात वारं शिरलंय. डागणी द्या आन् वेशीबाहेर हाकला!"

डागणीचा विळा म्हादूला नवा नव्हता. लहानपणी याच रागीटपणापायी त्याला डागले होते. विळा हैबतरावांनी धरला होता आणि पाय सारजेने. गुण येईल, असे सगळे म्हणाले; तिने ऐकले. गुण कसला येतो! त्या दिवसापासून पोर रडायचेच विसरले.

ती धावत देवळात आली. "महाराज, पुन्यांदा पाय धराया बोलावलंय मला!"

महाराज तसेच उठले. चावडीपुढे येऊन त्यांनी तिथे धरून आणलेल्या म्हादूला विचारले, "बाळ, मारल्यावाचून चालत नाही का रे?"

"मारतो त्याला लोक भितात," म्हादू म्हणाला. "मार खाणाऱ्याला कोन इचारतंय?"

"ऐकलंत बुवा?" पाटील हसले. "पालथ्या घड्यावर पाणी!"

महाराज म्हणाले, "सारजा, पाय धरू नकोस. त्याचं डोकं मांडीवर घे."

हैबतरावांनी तापलेला विळा म्हादूच्या पाठीला टेकवला. तो हलला नाही, त्याच्या कातडीवर साधा चट्टाही उठला नाही. शेजारी मात्र "शिव शिव!" म्हणत महाराज गुडघ्यांवर आले. त्यांच्या उघड्या पाठीवर विळ्याची लालभडक कोर उमटली होती!

काय सांगावे त्या क्षणाचे! इतकी वर्षे न रडलेला म्हादू ओरडला, "त्यास्नी नका डागू! त्यांनी काय केलंय?" आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून त्याने हंबरडा फोडला.

सारजेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बोटे जुन्या डागावर अडखळली. "महाराज, ह्यो बी घ्या की."

महाराजांचे डोळे भरून आले. "तो नाही गं माय मला घेता येत. ज्यांनी दिला, त्यांनीच तो वाहायचा."

हैबतरावांच्या हातून विळा गळून पडला. "पोर हितंच ऱ्हाईल," एवढेच ते म्हणाले. ते महाराजांच्या पायांशी वाकले, पण महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको, पाटील."

तेव्हा हैबतराव वळले आणि म्हादूच्या पाठीवरच्या त्या जुन्या डागाशी त्यांनी कपाळ टेकवले. शेजारी सारजाही वाकली.