मुळाकडचा तुकडा

"निदान बरोबर आहे ना माझं? मग सही का अडवलीत, बाई?"

डॉ. शार्दूल वळसंगे उभ्या उभ्याच विचारत होता.

"बरोबर आहे," हर्डीकरबाई म्हणाल्या. "म्हणूनच अडवली."

हर्डीकरबाई लातूरच्या एका धर्मादाय इस्पितळात पॅथॉलॉजीच्या प्रमुख होत्या. ऑपरेशनमध्ये जे जे कापून काढलं जाई ते त्यांच्या टेबलावर येई, आणि आजार नेमका काय होता हे त्या सांगत. शार्दूल त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेला. अपेंडिक्सच्या दुर्मिळ गाठी हा तर त्याच्या प्रबंधाचाच विषय.

अडलेला रिपोर्ट रेश्मा लामतुरेचा होता. वय एकोणतीस, एसटीत कंडक्टर. औशाच्या फेरीला गाडीतच पोटात कळ आली, ड्रायव्हरने बसस्थानकावरून रिक्षात घालून इथे आणलं, आणि त्याच संध्याकाळी तिचं अपेंडिक्स काढलं. शार्दूलने लिहिलं होतं : अपेंडिक्सला तीव्र सूज. बाकी काही नाही.

बाईंनी त्या शेवटच्या तीन शब्दांवर बोट ठेवलं.

"काप कुठला घेतलास?"

"मधला. पू भरलेला होता. सूज एका नजरेत दिसते."

"टोक? मूळ?"

"बाई, सूज सापडली होती..."

"हं."

शार्दूलला ते 'हं' लागलं.

"अपेंडिक्सच्या गाठींच्या साडेतीनशे केसेस वाचल्यात मी. टोकाला कुठल्या येतात, मुळाशी कुठल्या, कुठल्या फुटून पोटभर पसरतात... विचारा तुम्ही. काहीही विचारा."

बाई उठल्या. मांडणीवरून एक बरणी काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. फॉर्मालिनच्या तळाशी दोन तुकडे पडले होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"रेश्माचंच. उरलेलं."

"हे वाचलंस?"

त्याने हातमोजे चढवले.

टोकाचा तुकडा मऊ लागला. मुळाकडच्या तुकड्यावर मात्र सुरी किंचित अडली. त्याने पुन्हा दाब दिला. आत पिवळसर, टणक, मसुरीच्या दाण्याहून थोडं मोठं काहीतरी होतं. अपेंडिक्सच्या नळीचं तोंड त्या टणक भागानेच बुजवलेलं.

बाईंनी वाकून पाहिलं, आणि आपल्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचपट्ट्या तयार झाल्या. सारख्या चेहऱ्याच्या पेशींचे घट्ट पुंजके. एक नव्हे, चार पट्ट्यांवर. ते कापलेल्या कडेपर्यंत पोचले होते. म्हणजे काही आत, पोटातही उरलं असणार.

"गाठ सापडली!" शार्दूल जवळजवळ ओरडलाच. "बाई, सूज हिच्यामुळेच आलेली. हिने वाट बंद केली म्हणून आत पू साचला. आणि मुळाशी! फार क्वचित येते मुळाशी. मी डॉक्टरांच्या परिषदेत हीच केस मांडतो."

बाईंनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"चल."

"कुठे?"

"जिची आहे तिच्याकडे."

वॉर्डात रेश्मा खाटेच्या कडेवर बसली होती. पायाशी पिशवी भरून तयार. भाऊ घरी न्यायला येणार होता. शार्दूलला पाहून ती उठायला लागली, तर टाक्यांनी तिला परत बसवलं.

"कागद झाला का, डॉक्टरसाहेब? डेपोत द्यायचाय. रजा संपत आली माझी."

शार्दूलने गाठीचं लांबलचक नाव सांगितलं. मग पेशींचा प्रकार सांगितला. मग टक्केवारी. रेश्मा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हणजे... घरी जायचं नाही?"

"आणखी एक ऑपरेशन करावं लागेल. आतड्याचा थोडा भाग काढावा लागेल."

"कॅन्सर हाय का?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"हो," तो म्हणाला. "पण हळू वाढणारा आहे. आत्ता काढला तर बरं होण्याची आशा चांगली आहे."

रेश्माने पिशवीचे बंद मुठीत धरले. मग विचारलं,

"परवा तर तुमच्याच माणसाने सांगितलं, साधं अपेंडिक्स होतं म्हणून."

"त्याची चूक नाही. कच्च्या रिपोर्टात मीच तसं लिहिलं होतं."

"मग?"

साडेतीनशे केसेसमधली एकही त्याच्या मदतीला आली नाही.

"मी... पूर्ण पाहिलं नव्हतं."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकली.

"आता पाहिलंत?" रेश्माने विचारलं.

"हो. सगळं."

"मग भाऊ आला की त्याला बी असंच सांगा. मला ते नाव जमायचं नाही." एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. तिचे खांदे हलत होते. शार्दूल तिथेच स्टुलावर बसला. भाऊ येईपर्यंत बसून राहिला. बाई केव्हा निघून गेल्या ते त्याला कळलं नाही.

आठवड्याने दुसरं ऑपरेशन झालं. काढलेलं आतडं शार्दूलच्याच टेबलावर आलं. एक संपूर्ण दिवस तो त्यातली एकेक लसिकाग्रंथी, कॅन्सर आधी जिथे पसरतो ती बारीक ग्रंथी, शोधत होता. एकवीस सापडल्या. एकवीसही स्वच्छ होत्या. मुळाच्या जागी तेवढे पेशींचे दोन पुंजके उरले होते, आणि या वेळी कड मोकळी होती. तीन महिन्यांनी रेश्मा पुन्हा औशाच्या फेरीवर चढली.

परिषदेला शार्दूल गेला नाही.

पुढे एका सकाळी बाई आणि शार्दूल कामाला बसले होते. टेबलावर बरण्यांची रांग. त्यात तीन अपेंडिक्स, साधीच दिसणारी. शार्दूलने पहिलं घेतलं, मूळ कापलं, टोक उभं चिरलं, मधले काप घेतले. मग हात न थांबवता विचारलं,

"बाई, एवढ्या वर्षांत अशा किती गाठी सापडल्या तुम्हाला?"

"सतरा."

सुरी थांबली.

"आणि... सुटल्या किती?"

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा चढवला, आणि पुढची बरणी जवळ ओढली.

"ते सांगायला कुणी परत आलेलं नाही."