म्होरक्याचा फुटका डोळा

खूप पूर्वी, जंगलांना अजून कुणी नावं दिली नव्हती तेव्हा, एका खोल दरीच्या काठावर वानरांची टोळी राहत होती. टोळीचा म्होरक्या एका डोळ्यानं आंधळा होता. बिबट्याच्या पंजानं डोळा गेला, पण जीव वाचला. तेवढ्यावरून टोळीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं, की सगळा पराक्रम त्या मिटलेल्या डोळ्यातच आहे.

झालं. रीत पडली. म्होरक्यासमोर एक डोळा मिटायचा. उडी मारतानाही मिटायचा. दोन्ही उघडे ठेवले तर तो उर्मटपणा.

आता एका डोळ्यानं वस्तू दिसते, पण ती नेमकी किती लांब आहे ते चटकन कळत नाही. फळाला घातलेली मूठ हवेतच मिटायची. उवा वेचणारीचं बोट समोरच्याच्या कानात जायचं. म्हातारे म्हणायचे, "जमेल हळूहळू. आम्हाला नाही जमलं?" त्यांना काय जमत होतं? दिवसभर ते वडाच्या बुंध्याशी बसायचे आणि फळं हातात आणून मिळायची.

त्या वर्षी दरीच्या अलीकडची झाडं ओरबाडून संपली. पलीकडे उंबर लगडले होते. म्होरक्यानं फर्मावलं, "उद्या सकाळी पलीकडे. रीत पाळून."

टोळीत एक तरुण वानरी होती. पोटाला चिकटलेलं तान्हं पिल्लू. मागच्या खेपेला याच दरीत तिची थोरली बहीण गेली होती. फांदीच्या वीतभर अलीकडे मूठ मिटली, आणि संपलं. म्हातारे म्हणाले होते, "तिच्या मनातच शंका होती." मेलेलीच्या माथी खापर फोडून ते पुन्हा उन्हाला बसले.

तरुण वानरीला चैन पडेना. या फांदीवरून त्या फांदीवर, पुन्हा खाली, पुन्हा वर. एक डोळा मिटून तिनं लोंबती वेल धरून पाहिली; हात रिकामा. दोन्ही उघडले, वेल मुठीत. पुन्हा मिटला; पुन्हा रिकामा. तेवढ्यात पिल्लानं टकामका बघत तिच्या शेपटीचं टोक पहिल्याच झटक्यात पकडलं. त्याला अजून कुणी रीत शिकवली नव्हती.

ती तडक वडाखाली गेली. "आजोबा, दोन्ही डोळे उघडून उडी मारली तर काय होतं?"

"अपमान होतो," सर्वांत म्हातारा म्हणाला.

"माझी बहीण मेली."

"फार बोलतेस. लेकुरवाळी झालीस तरी अक्कल नाही आली."

"तुम्ही शेवटची उडी कधी मारलीत, आजोबा?"

म्हाताऱ्याला एकदम खाज सुटली. तो पाठ खाजवत बसला.

सकाळी सगळी टोळी कड्यावर जमली. वानरी मुद्दाम म्होरक्याला खेटून उभी राहिली. उडीआधी त्यानं मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. टोळीला वाटायचं, हा त्याचा रुबाब. इतरांनी मान हलवली तर ती नक्कल ठरायची, म्हणून कुणी हलवत नसे. वानरीनं मात्र एक डोळा मिटून त्याच्यासारखीच मान हलवून पाहिली. पलीकडची फांदी मागच्या खडकावरून सरकल्यासारखी झाली, आणि अंतराचा अंदाज आला.

"असं आहे तर!" ती ओरडली. "एका डोळ्यानं अंतर कळत नाही, म्हणून मान हलवता होय?"

"चूप!"

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

म्होरक्या दातओठ खात म्हणाला, "सांगितलं असतं, तर माझा फुटका डोळा नुसता फुटका डोळाच राहिला असता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आमची वानरं खाली पडत होती, आणि तुम्हाला ठाऊक होतं."

मग म्हातारेच किंचाळले, "डोळा मिटूनच उडी मार, नाहीतर टोळीतून हाकलू!"

"हाकला."

तिनं दोन्ही डोळे टक्क उघडले. दरी जेवढी खोल होती तेवढी खोल दिसली. पण फांदीही जिथे होती तिथेच दिसली. एका लांब उडीवर, त्यापुढे नाही. पिल्लाला पोटाशी घट्ट चिकटवून तिनं झेप घेतली. दोन्ही हात फांदीवर बसले. पिल्लू दचकून रडलं. जिवंत होतं म्हणून रडलं.

मग एकेका तरुणानं डोळे उघडले आणि झेप घेतली. कुणी पडलं नाही. म्हाताऱ्यांची पाळी आली तशी त्यांची भाषाच बदलली. "अगं बाई, फांदी किती लांब आहे गं?"

"डोळे उघडा, आजोबा. दोन्ही."

एक सोडून सगळ्यांनी उघडले, ते पोचले. म्होरक्या सर्वांदेखत मान हलवत शेवटी आला. त्याच्यासमोर कुणी डोळा मिटला नाही, की त्याच्या हातावर उंबर ठेवलं नाही.

सर्वांत म्हातारा मात्र हलला नाही. एक डोळा मिटून तो ओक्याबोक्या वडाखाली फळांची वाट बघत बसला. आणून द्यायला अलीकडे कुणीच उरलं नव्हतं.

घ्यायचं ते एवढंच: पुढची दरी किती खोल आणि फांदी किती लांब, हे ज्याचं त्यानं दोन्ही डोळ्यांनी बघावं; कुणाचा मान राखायला डोळा मिटला, तर खाली आपणच पडतो.